आवाज आहे, चित्र नाही

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दसरा उलटला की पाय ठेवायला जागा उरत नाही. दिव्यांच्या माळांची खोकी, वायरची भेंडोळी, रिमोटचे ढीग आणि त्यांतून वाट काढणारी दिवाळीची गर्दी. त्या गर्दीतून एक काकू आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा चादरीत गुंडाळलेला ४३ इंची टीव्ही दोन्ही बाजूंनी धरून दुरुस्तीच्या एका अरुंद गाळ्यात शिरतात. टीव्हीला पाच वर्षं झालेली. तक्रार या गाळ्यात दिवसातून अनेकदा ऐकू येणारी: आवाज आहे, चित्र नाही.

कारागीर टीव्ही चालू करतो, गाळ्यातली ट्यूबलाइट बंद करतो आणि मोबाइलची बॅटरी पडद्यावर तिरकी धरतो. काळ्या पडद्यावर बॅटरीच्या उजेडापुरतं एक पुसट चित्र हलताना दिसतं. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा, खाली सरकणारी अक्षरं.

"काकू, पॅनेल ठणठणीत आहे. मागचे दिवे गेलेत."

"किती होतील?"

"दोन-अडीच हजार. पट्ट्या मिळाल्या तर संध्याकाळी घेऊन जा."

"त्यापेक्षा नवाच घेऊ ना, आई," मुलगा म्हणतो. "ऑफर चालू आहे."

हा संवाद दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात महाराष्ट्रातल्या हजारो घरांत होतो. दुकानात टीव्हीवर एकच आकडा लावलेला असतो, खरेदीची किंमत. पुढची दहा वर्षं तो किती वीज खाणार, कितव्या वर्षी त्यातलं काय जाणार, गेलेला भाग बाजारात मिळणार की नाही, हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशी नावं मात्र ठळक असतात. या नावांमागची तंत्रं घरात आल्यावर कशी वागतात हे बघायचं, तर शोरूमपेक्षा दुरुस्तीच्या गाळ्यात उभं राहणं अधिक उपयोगाचं. तिथे तासभर थांबलं तरी एक गोष्ट लक्षात येते. टीव्हीचं तंत्र जसजसं पुढे गेलं, तसतसा त्यातला बदलता येणारा सर्वांत लहान तुकडा मोठा आणि महाग होत गेला. टीव्ही बाळगण्याचा खर्च त्या तुकड्याच्या आकारावर ठरतो.

ट्यूबचा जमाना

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या काळात टीव्ही बाळगायला सरकारी परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हा परवाना रद्द झाला, तोपर्यंत टीव्हीचा वार्षिक खर्च अक्षरशः एका पुस्तिकेत नोंदवलेला असे. शिवाय गच्चीवरचा अँटेना, त्याचा बूस्टर आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर. लाकडी शटरचा तो संच चाळीतल्या खोलीची अर्धी भिंत अडवायचा.

पण तो दुरुस्त व्हायचा, आणि फार थोड्या पैशांत. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आदळून चित्र उमटवतो. त्यासाठी वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो आणि तो दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे कारागिरांच्या भाषेतला 'एलओटी', हा त्या संचाचा नेहमी जाणारा भाग होता. कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, रेझिस्टर हे सगळं सुटं मिळे आणि गल्लीतला कारागीर घरी येऊन पलंगावर वर्तमानपत्र पसरून काम करी. सर्वांत महागडा भाग ट्यूबच. तिची चमक उतरली तर तीसुद्धा नव्याने बांधून मिळायची. मानेकडची काच कापून नवी गन बसवायची, आतली हवा काढून घ्यायची आणि मान पुन्हा बंद करायची. रिबिल्ट ट्यूब नव्या ट्यूबपेक्षा स्वस्त असे आणि आणखी काही वर्षं निभावून नेई.

हा उद्योग इथे टिकला याचं एक कारण, माल इथेच बनत होता. औरंगाबादजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता, ट्यूबची काच गुजरातेत भरूचला तयार होत होती. पुढे सपाट पडदे आले, ट्यूबची मागणी आटली. व्हिडिओकॉन कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचा पगार ज्या कारखान्यावर चालला, त्याची ही अखेर महाराष्ट्राच्या टीव्हीच्या इतिहासातला सर्वांत खिन्न करणारा भाग आहे.

विजेच्या बाबतीत ट्यूब उधळी होती. २१ इंची रंगीत टीव्हीला ऐंशी-नव्वद वॉट सहज लागत. आजचा ४३ इंची एलईडी टीव्ही चौपट मोठं चित्र दाखवून साधारण सत्तर वॉटमध्ये भागवतो. म्हणजे विजेचा खर्च तंत्रागणिक उतरला, दुरुस्तीचा मात्र चढला.

प्लाझ्मा

या दोन काळांच्या मधे प्लाझ्मा येऊन गेला. दोन काचांमधल्या लाखो खोपट्यांत निऑन आणि झेनॉन वायू, त्याला विजेचा झटका देऊन प्रत्येक खोपट्यातला लेप उजळवायचा. रंग सुरेख, काळा रंग खरोखर काळा. ज्यांनी हे संच घेतले ते आजही त्यांची आठवण काढतात. पण ५० इंची प्लाझ्माला तीनशे वॉट लागणं नवलाचं नव्हतं. रोज पाच तास धरले तर वर्षाला साडेपाचशे युनिट, आणि शिवाय खोलीत एक छोटी शेगडी पेटवल्यासारखी ऊब. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजी पुढच्या वर्षी बाहेर पडले. त्यानंतर हे संच अनाथ झाले. पडदा चांगला असूनही त्याला वीज पुरवणारा बोर्ड मिळेना, म्हणून लाखाचे टीव्ही भंगारात गेले. तंत्र बंद पडलं की सुट्या भागांचा पुरवठा आटतो, हा खर्च खरेदीच्या दिवशी कुणीच मोजलेला नव्हता.

पडद्यामागचे दिवे

आज घराघरांत असलेला 'एलईडी टीव्ही' मुळात एलसीडी टीव्ही आहे. द्रवस्फटिकांचा पडदा स्वतः उजेड देत नाही, मागून येणारा उजेड अडवतो किंवा सोडतो. पूर्वी मागे पाऱ्याची वाफ असलेल्या बारीक ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडी असतात. 'क्यूएलईडी' म्हणजेही तेच. निळ्या एलईडीपुढे क्वांटम डॉटची एक पातळ फिल्म असते, तिच्यामुळे लाल आणि हिरवा रंग अधिक शुद्ध निघतो. या अतिसूक्ष्म कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. रंगात फरक पडतो हे खरं. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र क्यूएलईडी आणि साधा एलईडी यांच्या दुखण्यात फरक नाही. दोघांचेही दिवेच आधी जातात.

ते का जातात, हे समजून घेण्यासारखं आहे. एलईडीचं आयुष्य तीस हजार तास, पन्नास हजार तास असं सांगितलं जातं. रोज पाच तासांच्या हिशेबाने तीस हजार तास म्हणजे सोळा वर्षांहून अधिक. मग पाचव्या वर्षी पडदा काळा कसा होतो? त्या तासांचा अर्थ असा, की तेवढ्या काळात दिव्याची चमक उतरत उतरत निम्म्यावर येईल. टीव्हीतला दिवा मात्र हळूहळू मंदावून मरत नाही. उष्णतेने त्याचा आतला जोड सुटतो आणि तो एका क्षणात बंद पडतो. पट्टीवरचे दिवे एकापुढे एक, एकाच साखळीत जोडलेले असतात. एक तुटला की साखळी तुटते, आणि सर्किट सुरक्षिततेसाठी उरलेले दिवेही विझवतं. पन्नासातला एक गेला तरी पडदा पूर्ण काळा.

कारागीर पडदा काढून बाजूला ठेवतो, तेव्हा आसपासच्या माणसांना तो श्वास घेऊ देत नाही. काच मिलिमीटरभर जाडीची, तिच्या कडेला चिकटलेल्या फिती नखाच्या धक्क्याने तुटतील अशा. त्याखाली पांढऱ्या फिल्मचे दोन-तीन थर, मग दिव्यांच्या पट्ट्या. परीक्षक यंत्राच्या दोन सुया एकेका दिव्याला लावत जायचं, जो पेटत नाही तो दोषी. तो एकटा बदलला तर काम शंभर-दोनशे रुपयांतही होतं. चांगला कारागीर तसं करत नाही. बाकीचे दिवेही तेवढेच तास जळलेले असतात, सहा महिन्यांत दुसरा जातो आणि गिऱ्हाईक परत दारात येतं. म्हणून तो पट्ट्यांचा सगळा संच बदलतो. नंतर बोर्डावरचा एक रेझिस्टर बदलून दिव्यांना जाणारा प्रवाह थोडा कमी करतो. चमक किंचित उतरते, घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही, पण पट्टी कमी तापते.

हीच गोष्ट घरी एक रुपया न खर्चता करता येते. नवा टीव्ही बहुधा झगझगीत चित्राच्या सेटिंगवर येतो किंवा बसवणारा माणूस तो तसा लावून जातो, कारण शोरूमच्या प्रखर उजेडात तसंच चित्र उठून दिसतं. घरातल्या संध्याकाळी बॅकलाइट शंभरवर ठेवायची काही गरज नसते. तो साठ-सत्तरवर आणला की वीज वाचते आणि दिवेही अधिक काळ टिकतात. टीव्हीवर होणारा खर्च कमी करण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही, आणि विक्रेत्यांपैकी फार थोडे तो सांगतात.

दिवे कुठे बसवलेत यावरही बरंच अवलंबून असतं. काही टीव्हींत ते संपूर्ण पाठीवर पसरलेले असतात. असा संच जरा जाड दिसतो, पण उष्णता वाटली जाते. दुखणी असतात ती वेगळी. दिव्यावरचं प्लास्टिकचं भिंग गोंद वाळून गळून पडतं आणि पडद्यावर पांढरे गोल डाग दिसू लागतात. किंवा दिव्यांवरचा पिवळा लेप उष्णतेने मरतो आणि सगळं चित्र निळं-जांभळं पडतं. अतिशय पातळ दिसणाऱ्या काही टीव्हींत दिवे फक्त एका कडेला दाटीने बसवलेले असतात आणि अॅक्रिलिकची पारदर्शक पाटी तो उजेड पडद्याभर पसरवते. सगळी उष्णता त्या एका कडेला साठते. कॅनडातल्या 'आरटिंग्ज' या चाचणी संस्थेने शंभर टीव्ही दीर्घकाळ चालवून पाहिले, तेव्हा कडेच्या दिव्यांचे संच उष्णतेने विशेष बिघडलेले आढळले. कुठे पाटीला तडे, कुठे मागचा परावर्तक कागद वाकलेला. चार बोटं जाडीचा टीव्ही भिंतीवर जरा बेढब दिसेल, पण ज्याला दहा वर्षं काढायची आहेत त्याने पातळपणासाठी जादा पैसे मोजू नयेत, असं या सगळ्याकडे पाहून ठामपणे म्हणता येतं.

मिनी एलईडी ही याच घराण्यातली ताजी पिढी. मागे शेकडो-हजारो इवले दिवे, त्यांचे गट स्वतंत्रपणे मंद-प्रखर होतात आणि अंधाराची दृश्यं खोल दिसतात. चित्र उत्तम. पण इथे तीन-चार सुट्या पट्ट्यांच्या जागी दिव्यांनी भरलेले मोठे बोर्ड असतात आणि त्या मॉडेलचे बोर्ड तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे विचारले तर दुकानदार मान हलवतात. तुकडा आणखी मोठा झाला.

काच फुटली की संपलं

पोराने फेकलेला चेंडू, पुसताना टेकलेला अंगठा, घर बदलताना टेम्पोत आडवा ठेवलेला संच. पॅनेल फुटण्याची कारणं इतकी साधी असतात. आणि पॅनेलची किंमत ऐकली की माणूस खुर्चीत बसतो. बहुतेक वेळा ती नव्या टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून पुढे जाते, कधी कधी तिच्याजवळ पोहोचते.

याचं मूळ कारखान्यात आहे. पॅनेल एकेक करून बनत नाही. साडेआठव्या पिढीच्या कारखान्यात सुमारे सव्वादोन मीटर बाय अडीच मीटरची अखंड काच तयार होते आणि तिच्यातून ५५ इंची सहा किंवा ३२ इंची अठरा पॅनेलं कापली जातात. साडेदहाव्या पिढीच्या काचेतून ६५ इंची आठ निघतात. ३२, ४३, ५५, ६५ हे आकार बाजारभर सारखे असण्यामागे काच वाया न घालवण्याचं हे गणित आहे. असा कारखाना उभारायला अफाट भांडवल लागतं. जपानमधला शार्पचा साकाईचा कारखाना २०२४ मध्ये टीव्ही पॅनेलमधून बाहेर पडला, सॅमसंगने एलसीडी आधीच सोडलं, एलजीने ग्वांगझूचा एलसीडी कारखाना चिनी कंपनीला विकला. टीव्हीच्या एलसीडी पॅनेलचं उत्पादन आता प्रामुख्याने चीनमध्ये आहे. भारतात जोडणी होते, पण काचेची 'ओपन सेल' बाहेरून येते. तिच्यावरचं आयातशुल्क अर्धा-एक टक्का हललं तरी कंपन्या अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसतात, ते यासाठी.

म्हणजे टीव्ही घेताना बहुतांश पैसे त्या काचेचेच दिलेले असतात. ती फुटल्यावर सुटी आणायची, तर वाहतूक, फुटतूट आणि साठवणुकीचा खर्च वर चढतो. कंपन्या मॉडेल बदलत राहतात आणि चार वर्षांपूर्वीचं पॅनेल कुणी साठवून ठेवत नाही. वॉरंटीतही फुटलेली काच बसत नाही. पडद्यावर उभ्या रेघा आल्या तर मात्र लगेच आशा सोडू नये. काचेच्या कडेच्या फिती निसटल्या असतील, तर बाँडिंग मशीन असलेला कारागीर त्या उष्णता आणि दाब देऊन पुन्हा चिकटवतो. अशी मशीनं आता जिल्ह्याच्या गावांतही पोहोचली आहेत. काम नाजूक आहे, दोन-चार हजारांत होतं, आणि जमेलच याची हमी कारागीर देत नाही. ती न देणाऱ्यावर अधिक विश्वास ठेवावा.

मोठ्या पडद्याच्या आणखी एका खर्चाबद्दल कुणी बोलत नाही. ३२ इंची टीव्ही रिक्षात मावतो. ६५ इंची मावत नाही. कारागिराला घरी बोलवावं लागतं, उघडताना दोन माणसं लागतात आणि काच उचलताना फुटण्याचा धोका वाढतो. अनेक कारागीर म्हणूनच ५५ च्या पुढचा संच हातात घ्यायला कचरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा मोठ्या पडद्यांची किंमत उतरली. दुरुस्तीची गैरसोय आहे तिथेच राहिली.

ओएलईडी आणि भिंतीवरचं बटण

ओएलईडीत मागे दिवा नाही. प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग पूर्ण काळा. चित्रपट मनापासून पाहणाऱ्याला हा फरक एकदा दिसला की विसरता येत नाही. पण उजेड देणारे सेंद्रिय थर वापराने झिजतात, आणि ज्या बिंदूवर एकच गोष्ट सतत दिसत राहते तो इतरांपेक्षा लवकर झिजतो. त्या जागी कायमचा ठसा उमटतो.

मराठी घरात हा प्रश्न फार खरा आहे. वृत्तवाहिनीच्या कोपऱ्यातलं बोधचिन्ह, खालची लाल पट्टी, 'ब्रेकिंग'ची चौकट, क्रिकेटच्या सामन्यात दिवसभर त्याच जागी असलेला धावफलक. आजोबा सकाळी सातला बातम्या लावतात आणि रात्री दहाला बंद करतात, अशी घरं थोडी नाहीत. आरटिंग्जनेच २०१८ पासून एलजीचे सहा ओएलईडी संच रोज वीस-वीस तास वेगवेगळ्या कार्यक्रमांवर चालवले होते. सीएनएन दाखवणाऱ्या संचांवर वाहिनीच्या पट्ट्यांचे ठसे स्पष्ट उमटले. वेगवेगळे कार्यक्रम बदलून पाहणाऱ्या माणसाचा वापर याहून खूप हलका असतो, आणि नंतरच्या पॅनेलांत सुधारणाही झाल्या. तरी थराची झीज हा या तंत्राचा स्वभाव आहे.

त्यावर उपाय टीव्हीतच ठेवलेला असतो. एकूण चार-एक तास पाहून झालं की रिमोटने बंद केल्यावर ओएलईडी संच काही मिनिटं स्वतःची तपासणी करतो आणि बिंदूंमधला फरक भरून काढतो. त्यासाठी त्याला भिंतीवरून वीज चालू हवी. आपल्याकडे मात्र रिमोटनंतर भिंतीवरचं बटणही बंद करण्याची सवय हाडीमाशी खिळलेली आहे. वीज वाचते, विजा-गडगडाटात संच सुरक्षित राहतो, लहानपणापासून तसंच शिकवलेलं. इतर टीव्हींना ही सवय चांगली, ओएलईडीला मारक. या संचाचा बटण बंद करायचा क्रम बदलावा लागतो, रिमोटने बंद करून निदान पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. लाख-सव्वालाखाचा टीव्ही घरी पोहोचवणाऱ्याने एवढं एक वाक्य सांगितलं, तर कितीतरी पडदे वाचतील.

आणि ठसा उमटलाच, तर? बदलायचा तुकडा म्हणजे पूर्ण पॅनेल. पट्टी नाही, दिवा नाही, रिबिल्ट तर नाहीच.

विजेचा हिशेब

महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटना एक दर असतो, १०१ ते ३०० ला त्याच्या जवळपास दुप्पट. वर वीज शुल्क १६ टक्के. टीव्हीचा हिशेब करताना सरासरी दर धरणं चुकीचं ठरतं. फ्रिज, पंखे आणि दिवे तर चालणारच, टीव्हीची युनिटं त्यांच्या वर बसतात आणि ज्याचं बिल शंभर ओलांडतं त्याला ती वरच्या दराने पडतात. सोयीसाठी युनिटला दहा रुपये धरू.

अठ्ठावीस हजारांचा ४३ इंची एलईडी टीव्ही, सत्तर वॉट, रोज पाच तास. वर्षाला सुमारे १२८ युनिट, म्हणजे बाराशे ऐंशी रुपये. दहा वर्षांत दोनदा दिव्यांच्या पट्ट्या बदलल्या, दर वेळी अडीच हजार. एकूण खर्च पंचेचाळीस हजार आठशे, वर्षाला साडेचार हजारांच्या थोडा वर. तोच टीव्ही पाचव्या वर्षी दिवे गेल्यावर टाकून दिला, तर वर्षाला जवळपास सहा हजार नऊशे पडतो. काकूंच्या मुलाला ऑफर दिसत होती, हा फरक दिसत नव्हता.

सव्वा लाखाच्या आतबाहेरचा ५५ इंची ओएलईडी दहा वर्षं टिकला, तर वीज धरून वर्षाला चौदा हजारांच्या आसपास जातो. बातम्यांच्या पट्टीने तो सहाव्या वर्षी खराब केला, तर बावीस हजारांपर्यंत. चित्राच्या दर्जासाठी ही किंमत द्यावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण दिवसभर बातम्या चालणाऱ्या घराने ती देऊ नये. गंमत अशी की त्याच घरातला सेट टॉप बॉक्स चोवीस तास चालू ठेवला आणि तो दहा वॉट खात असेल, तर वर्षाला सुमारे ८८ युनिट होतात. ३२ इंची एलईडी टीव्ही रोज पाच तास पाहिला तरी एवढीच वीज लागते. बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करायला मात्र काही हरकत नाही.

कोकणात वेगळं

सिंधुदुर्गातल्या किंवा रत्नागिरीतल्या कारागिराला विचारलं, तर तो दिव्यांआधी आभाळातल्या विजेचं नाव घेतो. जून आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात डिशच्या केबलमधून लाट आत येते, बॉक्स जातो आणि त्याला जोडलेला टीव्हीचा एचडीएमआय पोर्टही. पॉवर सप्लाय वाचला तरी मदरबोर्ड गेलेला असतो. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, केबलही काढून ठेवावी लागते. खाऱ्या हवेने बोर्डावरचे जोड हिरवे पडतात. पावसाळ्यात उबेसाठी पाल मागच्या जाळीतून आत शिरते, उच्च दाबाच्या दोन टोकांवर पडते आणि स्वतःबरोबर फ्यूज, कधी अख्खा सप्लाय नेते. तिथे नीट अर्थिंग आणि चांगला सर्ज प्रोटेक्टर यांवर केलेला हजार-बाराशेचा खर्च कुठल्याही वाढीव वॉरंटीपेक्षा अधिक कामाचा.

स्मार्ट भाग आधी म्हातारा होतो

पडदा धडधाकट आणि मेंदू थकलेला, ही नवी तक्रार. यूट्यूबने २०१५ मध्ये २०१२ च्या आसपासच्या टीव्हींवरचं अॅप बंद केलं. नेटफ्लिक्स डिसेंबर २०१९ पासून सॅमसंगच्या काही जुन्या संचांवर चालेनासं झालं. स्वस्त स्मार्ट टीव्हीत मेमरी आणि साठवण इतकी तोकडी असते, की तीन-चार वर्षांत मेन्यू उघडायला मिनिट लागतं, आणि साठवणीची चिप झिजली की संच कंपनीच्या नावावरच अडकून बसतो. सॉफ्टवेअर पुन्हा भरून काही वेळा भागतं. नाहीतर तीन-साडेतीन हजारांची स्ट्रीमिंग काडी मागे लावायची आणि टीव्हीला फक्त पडदा म्हणून वापरायचं. यासाठी नवा टीव्ही घेणं ही सर्वांत महाग दुरुस्ती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, आणि २०२४ मध्ये वस्तू किती दुरुस्त करता येते याचा निर्देशांक ठरवण्यासाठी समिती नेमली. टीव्हीच्या खोक्यावर वीज बचतीचे तारे असतात आणि वर्षाची युनिटंही छापलेली असतात. त्याच्याशेजारी दिव्यांच्या पट्ट्या सुट्या मिळतात का आणि किती वर्षं मिळतील, हे छापणं बंधनकारक व्हायला हवं. तोवर गिऱ्हाइकाने दुकानात ते स्वतः विचारावं. दिवे पाठीवर आहेत की कडेला, पॅनेलची वॉरंटी किती, आणि आपल्या गावात या कंपनीचं काम कोण करतो.

भंगार आणि भाग

न दुरुस्त होणारा टीव्ही एक्स्चेंजमध्ये दिला, तर हजार-दोन हजार वजा होतात. भंगारवाला त्याहून कमी देतो. जुनी पिक्चर ट्यूब तर तो घेतच नाही, किंवा तांब्याचा योक काढून काच कुठेतरी टाकून देतो. त्या काचेत शिसं असतं, जुन्या एलसीडीच्या नळ्यांत पारा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि उत्पादकांवर जुना माल गोळा करून घेण्याची जबाबदारी आहे. पण गावातल्या माणसाला तो कुठे द्यायचा हे कळेल अशी व्यवस्था अजून शहरांपुरतीच दिसते.

काच फुटलेल्या टीव्हीला मात्र तपकीर गल्लीत वेगळा भाव आहे. त्याचा मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, दिव्यांच्या पट्ट्या, स्पीकर, रिमोट, भिंतीचं स्टँडसुद्धा सुटं करून मॉडेल नंबरची चिठ्ठी लावून मांडणीत जातं. ज्या कंपनीने सुटे भाग देणं थांबवलं, तिचे संच चालू राहतात ते या मांडण्यांवर. काकूंच्या टीव्हीच्या पट्ट्या नव्या मिळाल्या नाहीत. गल्लीतल्या तिसऱ्या दुकानात त्याच मॉडेलचा, काच तडकलेला आणि जेमतेम वर्षभर चाललेला एक संच आला होता, त्याच्या काढून बसवल्या. बिल झालं अठराशे.